खाडा कोणाच्या नावावर?

(भिंगार येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांचे दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय आपण चारचौघांत फारसा बोलत नाही. नोकरी करणाऱ्या बाईचं बाळ अंगावर पितं. तिला कामाच्या वेळात मध्येच उठून बाळाला पाजायला जावं लागतं, आणि त्यासाठी कायद्याने तिला वेळ दिलेला आहे. हे बहुतेकांना मान्य असतं. मला आज तिच्या शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दलही बोलायचं आहे. ती उठून गेली की तिच्या वाटचं काम कोण करतं? आणि त्या माणसाला ‘हा माझ्यावर अन्याय आहे’ असं वाटलं, तर तो लगेच दुष्ट ठरतो का?

एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. रायगडची आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं बाळ. पहारेकरी दरवाजा उघडत नाहीत, म्हणून ती अंधारात कडा उतरून जाते. महाराज तिचा सन्मान करतात आणि त्या कड्यावर बुरूज बांधतात. आपण ही गोष्ट आईच्या धाडसाची म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण जरा पहारेकऱ्याकडेही बघा. त्याचा नियम खोटा नव्हता. गडाची सुरक्षा त्या नियमावर होती, आणि एकीला दरवाजा उघडला तर दुसऱ्याला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. गोष्टीच्या शेवटी कड्याची वाट बंद झाली. दरवाजाच्या वेळेचं पुढे काय झालं, ते मात्र आख्यायिका सांगत नाही. सगळा भार एकट्या आईवर टाकायचा आणि नंतर तिचं कौतुक करायचं, ही आपली जुनी रीत आहे.

अॅरिस्टॉटलने न्यायाचं एक साधं माप दिलं. सारख्यांना सारखं द्या, आणि जे सारखे नाहीत त्यांना त्या फरकाच्या प्रमाणात द्या. भांडण होतं ते कोणता फरक धरायचा यावर. बाईच्या जातीचा, रंगाचा फरक धरायचा नाही. पण दर दोन-तीन तासांनी भुकेजणारं बाळ हा फरक धरावाच लागतो, कारण तो मुद्दाम निर्माण केलेला नाही आणि तो पुढे ढकलता येत नाही. म्हणजे आईला वेळ द्यायचा, एवढं ठरलं. तो वेळ कोणाच्या खात्यातून द्यायचा, हे या मापाने ठरत नाही. आपल्याकडच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाला तीन उत्तरं मिळालेली दिसतात.

पहिलं उत्तर: तिचं तिने बघावं.

मुंबईच्या कापड गिरण्या घ्या. तिथे बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात असत, आणि तिथली मजुरी बहुतेक उक्त्या कामाची होती. जेवढं सूत गुंडाळाल तेवढा पैसा. बाळाला पाजायला उठली तर नुकसान फक्त तिचं. शेजारणीची तक्रार नाही, मालकाची नाही, सगळं शांत. या शांततेची किंमत काय होती, ते १९२० नंतरच्या पाहणीत दिसलं. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची माहिती गोळा करवली, तेव्हा आढळलं की बहुतेक जणी बाळाला अफू देतात. ‘बाळगोळी’ म्हणत तिला. बाळ गुंगीत पडून राही आणि आई खात्यात उभी राही. सहकाऱ्यावर अन्याय झाला नाही, हे खरं. पण ज्याला तक्रार करता येत नाही अशा एकावर सगळा हिशेब टाकला होता.

दुसऱ्या उत्तराकडे जाण्याआधी कायदा कसा हलला ते बघू. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. त्या परिषदेच्या करारात, पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास द्यावा, असं कलम आलं. भारताला मात्र ‘तुम्ही आधी अभ्यास करा’ असं सांगण्यात आलं. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही.

मग प्रश्न मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विषयावर बोलले. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण म्हणून मालक मोकळा होत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच तो ठेवतो. बघा, इथे वाद दयेचा राहिलेला नाही. लाभ कोणाला, आणि मग भार कोणी उचलायचा, असा तो हिशेब आहे. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबईचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर कलमं वाढत गेली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर आलं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, पाजण्यासाठी दोन विश्राम आले. त्याबद्दल पगार कापायचा नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. पण कायद्याची मोजणी कशी होती, ते पाहा. पाळणाघर कधी बांधायचं? तर ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तेव्हा. १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आली. म्हणजे बायका कमी ठेवल्या की पाळणाघर टळलं. २०१७ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता ५० माणसं मोजायची ती बाई-पुरुष मिळून, आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊ द्यायचं. बदल बारीक वाटतो, पण त्यामुळे बाईला नोकरी दिली म्हणून खर्च वाढला, असं म्हणायला मालकाला जागा राहिली नाही.

आपल्या नगरमधलाच दाखला घ्या. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, त्यातही पाळणाघर आहे. पण देशभर या धंद्यातलं बरंचसं काम कारखान्यातून उठून घरात गेलं. पानं आणि तंबाखू घरी न्यायची, वळलेल्या विड्या आणून द्यायच्या. घरी बसलेल्या बाईला कोणतं पाळणाघर आणि कसला विश्राम? मांडीवर सूप, शेजारी बाळ, हवेत तंबाखूची भुकटी. हे पुन्हा पहिलंच उत्तर झालं.

दुसरं उत्तर: सोबतच्या लोकांनी सांभाळून घ्यावं. हे ऐकायला फार चांगलं वाटतं.

भिंगारवरून पाथर्डीचा रस्ता जातो. दसऱ्यानंतर त्या रस्त्याने ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात, ते इथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल दोघांच्या नावावर, मजुरी टनावर. फडाच्या कडेला साडीची झोळी, तिच्यात बाळ. ट्रक भरायचा असेल तेव्हा टोळीचं वजन एकत्र होतं. एक बाई झोळीकडे गेली की तिच्या मोळ्या दुसरीच्या डोक्यावर जातात. आणि दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. त्या दुसऱ्या बाईने तोंड वाकडं केलं, तर तिला निर्दय म्हणायचं का? तिचीही पाठ तेवढीच दुखते आहे. दोन गरीब बायका एकमेकींवर चिडतात, आणि ज्याच्यासाठी ऊस तुटतो तो या भांडणात कुठेच नसतो. ‘सांभाळून घ्या’ या शब्दांत खर्च कोणाचा, ते लपून जातं.

तिसरं उत्तर: सर्वांनी मिळून, उघड हिशेबाने.

१९७२ चा दुष्काळ नगर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला सांगावा लागत नाही. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव. मे १९७३ च्या सुमाराला राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पक्का झाला. तो १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कामावर पाणी, सावली आणि मुलं सांभाळण्याची सोय हवी, हा विचार या योजनेत होता. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याच्या अनुसूचीत तो नेमक्या शब्दांत आला. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यायचे.

या छोट्या कलमात मला मोठं तत्त्व दिसतं. ती बाई खोदत नाही, तरी तिचा दिवस भरतो. मुलं सांभाळणं हे काम आहे, असं मस्टरवर लिहिलं जातं. आई निर्धास्त होते आणि शेजारणीवर उपकाराचं ओझं येत नाही. अंमलबजावणीबद्दल मी भोळा नाही. अनेक ठिकाणी हे कलम कागदावरच राहिलं. पण हिशेब कसा मांडायचा, ते या कलमाने दाखवलं. याच जातीचं दुसरं उदाहरण १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं. तिथे बाळंतपणातला पैसा निधीतून येतो, आणि निधीत मालकाची, पुरुष कामगाराची, लग्न न झालेल्याची, सगळ्यांची वर्गणी असते.

आता आपल्या ऑफिसात या. चार टेबलांची शाखा, एकीचं बाळ सहा-आठ महिन्यांचं. ती पाजायला किंवा दूध काढून ठेवायला गेली की समोरची रांग शेजारचा सांभाळतो. त्याची तक्रार आली की साहेब म्हणतात, ‘अहो, माणुसकी दाखवा.’ माझ्या मते साहेबांचं इथे चुकतं. माणुसकी दाखवायची ती संस्थेने. त्या वेळेसाठी माणूस द्या, नाहीतर त्या दिवसाचं काम कमी धरा, आणि ज्याने जास्त काम केलं त्याच्या नावावर ते लिहा. हे न करता दोघांना समोरासमोर उभं केलं, की आई चोरासारखी उठते आणि सहकारी घड्याळ बघत बसतो.

आणखी एक. ‘सवलत’ हा शब्द मला खटकतो. सवलत कोणीतरी कोणालातरी देतो. शेजाऱ्याला वाटतं, ती माझ्या खिशातून दिली. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती व प्रसूतीविषयक साहाय्य, ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत. मी ते असं वाचतो: न्याय्य परिस्थिती सहकाऱ्यालाही हवी आणि आईलाही. एकाचं काढून दुसऱ्याला द्या, असं तिथे म्हटलेलं नाही.

प्रश्न : माझं छोटं दुकान आहे, दोनच माणसं कामाला. मी दुसरा माणूस कुठून देऊ?

उत्तर : तुम्ही एकट्याने देऊ नये, हेच माझं म्हणणं आहे. १९२८ साली जो मुद्दा मांडला गेला तो तुमच्याही बाजूचा आहे. भार जितका एका जागी साचेल तितकी पळवाट शोधली जाईल, म्हणून सार्वजनिक निधी हवा. तोपर्यंत निदान अर्धा तास शटर ओढून पाटी लावा. गिऱ्हाईक थांबतं. चहाला आपण जातोच की.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षिका) : सर, आमच्या वेळी हे काहीच नव्हतं. मधल्या सुट्टीत पळत घरी जायचो, पदर भिजलेला असायचा. आम्ही केलंच ना? मग आताच्या मुलींना एवढं कशाला?

उत्तर : ताई, तुमची तक्रार मला खरी वाटते. तुमच्यावर अन्याय झाला आणि त्याची कुठे नोंद नाही. पण तुमचं येणं आजच्या मुलीकडे नाही, ज्यांनी तेव्हा तुम्हाला पळवलं त्यांच्याकडे आहे. ते आता वसूल होणार नाही. मात्र एक होऊ शकतं. शाळेत आज एखादी मुलगी घड्याळाकडे बघत वर्गात उभी असेल, तर तिच्या मुख्याध्यापकांना हा भिजलेल्या पदराचा अनुभव तुम्हीच जाऊन सांगा. माझ्या व्याख्यानापेक्षा ते तुमचं ऐकतील.