वीस आणि वीस

चाळीस मार्कांच्या पेपरात दोन मुलांना वीस-वीस पडले, की आम्ही शिक्षक दोघांना सारखेच समजून मोकळे होत असू. एकाचे सोपे प्रश्न बरोबर आलेत आणि दुसऱ्याचे अवघड, हे बघायला सवड कुणाला होती?

चार पर्यायांतून एक निवडायची पद्धत १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅन्ससच्या फ्रेडरिक केली यांनी रूढ केली. तपासणी सोपी झाली. पण मुलाला खरंच येत होतं, की त्याने अंदाजपंचे खूण केली, हे कसं ओळखायचं?

डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली एक पुस्तक लिहून साधं उत्तर दिलं. प्रत्येक प्रश्नाला काठिण्य असतं, प्रत्येक मुलाला कुवत. उत्तर बरोबर येण्याची शक्यता या दोहोंच्या फरकावर ठरते. हे मानलं, तर कुवत काढायला एकूण बेरीज पुरते. म्हणजे वीस ते वीसच!

१९६८ साली लॉर्ड आणि नोविक यांच्या ग्रंथात अ‍ॅलन बर्नबॉम यांनी आणखी दोन गोष्टी हिशेबात घेतल्या. प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती नेमका फरक दाखवतो, आणि नुसत्या अंदाजाने तो किती जमतो. इथे मात्र वीस आणि वीस वेगळे ठरू शकतात.

मग खरं कोण? उत्तरपत्रिकांशी जास्त जुळेल ते, असं आपण म्हणू. पण जास्त कलमं असलेलं सूत्र जास्त जुळणारच. शिवाय अंदाजाचा आकडा नीट काढायला पुष्कळ मुलं लागतात. राशपंथी म्हणतात, न जुळणारा प्रश्न काढा. दुसरे म्हणतात, सूत्र बदला. भांडण अजून मिटलेलं नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. अवघड प्रश्न बरोबर, सोपे चूक. "अंदाजाने ठोकलंस," म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. बर्नबॉम यांच्या सूत्रानेही बहुधा तेच म्हटलं असतं. पुढे कळलं, तो पेपर शेवटून सोडवायचा. सोपे प्रश्न येईपर्यंत वेळ संपत यायचा, मग घाईत कुठेही खुणा.

कुठलंही सूत्र लावलं, तरी अशी उत्तरपत्रिका त्यात बसत नाही, वेगळी उठून दिसते. ती बाजूला काढून मुलाला जवळ बोलवायचं आणि विचारायचं, एवढंच मला तेव्हा करता आलं असतं.

असो.