माउंटन मूनशाइन फेस्टिव्हल
अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेस डोंगरपायथ्याशी असलेल्या डॉसनव्हिल गावी दरवर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरणारी जत्रा. हातभट्टीची दारू (मूनशाइन) वाहणाऱ्या जुन्या मोटारी आणि शर्यतीच्या गाड्या हे तिचे मुख्य आकर्षण. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती भरते. उत्पन्न गरजू मुलांच्या मदतीला जाते.

या भागात मका विकण्यापेक्षा त्याची दारू गाळून विकणे परवडे. जॉर्जियात दारूबंदी १९०८ पासूनच होती. देशव्यापी बंदी (१९२०–३३) नंतर आली. ती उठल्यावरही करचुकवा धंदा थांबला नाही. मका, साखर यांचे रसायन आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळत आणि माल रात्री अटलांटाला पोचवत. त्यासाठी व्ही-८ इंजिनाची फोर्ड कूपे पसंत केली जाई. भरलेली गाडी दबून पोलिसांना संशय येऊ नये म्हणून मागच्या स्प्रिंगा जड बसवीत. परतीच्या वाटेवर मात्र रिकाम्या गाडीचे वर उचललेले बूड चालकाचा धंदा सांगून टाकी.

हेच चालक पुढे मातीच्या धावपट्टीवर उतरले. त्यांत लॉइड सी हा बहुधा सर्वांत गुणी. १ सप्टेंबर १९४१ रोजी त्याने अटलांटाची लेकवुड शर्यत जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी भट्टीसाठी उधारीवर घेतलेल्या साखरेच्या भांडणात चुलतभावाने त्याला गोळी घातली. वय अवघे २१. डॉसनव्हिलमधील त्याच्या थडग्यावर फोर्ड कोरलेली असून तिच्या खिडकीत त्याचे छायाचित्र बसवले आहे.

त्याच्या गाड्यांचा मालक रेमंड पार्क्स (१९१४–२०१०) हाही याच गावचा. दारूच्या धंद्यापायी तुरुंगात जाऊन आलेला. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचला नॅसकार या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या स्थापनेसाठी झालेल्या बैठकीस तो हजर होता. १९४९ साली संघटनेचे पहिले ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ विजेतेपद त्याच्याच गाडीने, चालक रेड बायरनच्या हातून मिळवले. नॅसकारचा इतिहास दारूच्या पैशाला वगळून सांगता येत नाही, तो यामुळे.

पुढे याच गावच्या बिल एलियट (१९८८) व त्याचा मुलगा चेस (२०२०) यांनी नॅसकारचे सर्वोच्च विजेतेपद पटकावले. एलियट जिंकला की गावातल्या पूल रूमच्या छपरावरचा भोंगा वाजतो. जत्रेत भट्ट्याही मांडलेल्या असतात. २०१२ मध्ये गावात परवानाधारक दारूभट्टी सुरू झाली, आणि तीही नगरपालिकेच्या संकुलात.