कुलाब्याची वाटणी

ओहोटीच्या वेळीं अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यांत पायीं जातां येतें. किल्ल्याचें हें नांव पुढें साऱ्या जिल्ह्यास मिळालें, आणि १ जानेवारी १९८१ रोजीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें. नामांतराविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु या प्रदेशाचें भवितव्य ठरलें तें १७३५ सालच्या वाटणीनें, असें आम्हांस वाटतें.

१७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथांनीं कान्होजी आंग्र्यांस शाहू महाराजांच्या पक्षास वळविलें. उत्तरेस खांदेरी-कुलाबा व दक्षिणेस सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग अशी दुर्गांची मालिका एका सरखेलाच्या हातीं आली. या एकसूत्रीपणाचें मोल १७२१ सालीं दिसलें. मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली, तेव्हां बाजीरावांची फौज कान्होजींच्या मदतीस आली व स्वारी फसली.

कान्होजी १७२९ मध्यें वारले. ज्येष्ठ पुत्र सेखोजी १७३३ सालीं, जंजिऱ्याची मोहीम ऐन भरांत असतां, निवर्तले. मग संभाजी आणि मानाजी या बंधूंत कलह पेटला. मानाजींनीं पोर्तुगीजांच्या साह्यानें कुलाबा घेतला. बाजीराव मध्यस्थ झाले व त्यांनीं दौलत दोघांत वांटून दिली: संभाजींकडे सरखेलीचें पद व सुवर्णदुर्ग, मानाजींकडे 'वजारतमाब' हा किताब व कुलाबा. या व्यवहारांत राजमाची आणि कोथळीगड हे दोन किल्ले पेशव्यांकडे आले.

बाजीरावांवर सगळा दोष टाकणें अन्यायाचें होईल. घर अगोदरच फुटलेलें होतें, आणि त्यांचें लक्ष उत्तरेकडे लागलेलें होतें. दोन भाऊ भांडत असतां वाटणी करून देणें ही आपल्याकडील जुनीच रीत. परंतु गांवें आणि शेतें वांटलीं, तरी दोन्ही हिश्शांत पीक येतें. आरमार वांटलें, कीं दोन्ही हिस्से दुबळे होतात. तोफा, गोद्या, खलाशी आणि हुकूम हीं एकत्र असलीं, तरच समुद्रावर बळ राहतें. मध्यस्थाचें खरें कर्तव्य दोघांपैकीं एकास सरखेल नेमून दुसऱ्यास त्याच्या हाताखालीं ठेवणें हें होतें.

परिणाम दिसावयास विलंब लागला नाहीं. १७४० मध्यें संभाजींनीं कुलाब्यावर चाल केली. मानाजींच्या मदतीस पेशव्यांची फौज आली, तशींच इंग्रजांचीं जहाजेंही आलीं. ज्या तटावरून इंग्रजांस १७२१ सालीं परतविलें, त्याच तटाच्या रक्षणास त्यांस बोलावण्याची पाळी आली! पुढें नानासाहेब पेशव्यांनीं तुळाजी आंग्र्यांविरुद्ध त्यांचेंच साह्य घेतलें. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजींचें आरमार जळालें. तें आरमार शत्रूचें मानलें गेलें. वस्तुतः तें मराठी राज्याचेंच होतें.

कुलाब्याचा हिस्सा त्यानंतरही टिकला, पण मुंबईस धाक घालण्याचें सामर्थ्य त्यांत उरलें नाहीं. १८४० सालीं औरस वारस नाहीं, असें कारण दाखवून इंग्रजांनीं दत्तक नाकारला व संस्थान खालसा केलें. १८५३ मध्यें तें ठाण्याचा पोटजिल्हा झालें, आणि १८६९ मध्यें स्वतंत्र कुलाबा जिल्हा बनला. १७२१ मध्यें तोफांनीं जें साधलें नाहीं, तें १८४० मध्यें एका हुकुमानें साधलें.