पाच पैशांचे तिकीट

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्याच नोव्हेंबरात तरुण तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी निबंध लिहायला घेतला. डबक्यात बुडणारे मूल दिसले तर आपण कपडे चिखलाने भरतील म्हणून थांबत नाही. मग दूरच्या भुकेल्यांसाठी का थांबावे? श्रीमंत देशांतील लोकांनी ही मदत दानधर्म समजू नये, ते त्यांचे कर्तव्यच आहे, असे त्यांनी मांडले. ब्रिटनने निर्वासितांसाठी दीड कोटी पौंडांच्या आतच मदत दिली होती. कॉन्कॉर्ड विमानावरचा ब्रिटनचा खर्च २७ कोटींवर गेला होता.

त्याच महिन्यापासून आपल्याकडे टपालावर ५ पैशांचे जादा निर्वासित-साहाय्य तिकीट लावावे लागे. हाताशी फारसे नसतानाही आपल्या वडीलधाऱ्यांनी ते लावले. आज आपली स्थिती बरी आहे. सिंगर यांचा प्रश्न आता आपल्यालाही आहे.