इंजिन ऑइल बदलणे

इंजिन ऑइल बदलणे म्हणजे मोटारीच्या इंजिनातील जुने वंगण काढून त्या जागी नवे भरणे. साधी हत्यारे हाताशी असल्यास हे काम घरीही करता येते. मात्र गॅरेजमध्ये आपोआप पार पडणारी एक जबाबदारी, म्हणजे काढलेल्या काळ्या ऑइलची विल्हेवाट, घरी काम करणाऱ्यास स्वतः पार पाडावी लागते.

आवश्यकता

इंजिन ऑइल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि जळणातून निघणारी काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते. म्हणून ऑइल काळे पडले म्हणजे ते खराब झाले, हा समज बरोबर नाही. डिझेल इंजिनात तर ते काही दिवसांतच काळे होते. बदलाची मुदत गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांसाठी ती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी असते.

‘५डब्ल्यू-३०’ या प्रतीतील पहिला आकडा थंडीतील, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवतो. कोल्हापूरसारख्या सौम्य हिवाळ्याच्या शहरात पहिल्या आकड्याचा फारसा कस लागत नाही. तरीही पुस्तिकेतील प्रत परस्पर बदलू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या, धूर गाळणारी जाळी असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते.

कृती

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना अडण लावावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. ऑइल कोमट असले की ते पातळ होऊन पूर्ण निथळते; फार गरम असल्यास हात भाजतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरून झालेले अपघात जीवघेणे ठरले आहेत. गाडी भक्कम स्टँडवरच टेकवावी.

चेंबरखाली पसरट भांडे ठेवून ड्रेन बोल्ट योग्य मापाच्या पान्याने सैल करावा. ऑइल निथळल्यावर नवा वायसर घालून बोल्ट प्रथम हातानेच फिरवावा. बोल्ट तिरका बसून किंवा अति आवळल्याने चेंबरचे आटे गेले, तर वाचवलेल्या मजुरीपेक्षा दुरुस्तीच महाग पडते. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला ऑइलचे बोट लावून तो हाताने आवळावा. जुने कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे आधी पाहावे. नंतर सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी ऑइल भरून इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि डिपस्टिकवरील दोन खुणांच्या मध्ये पातळी येईपर्यंत उरलेले भरावे. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास ऑइल घुसळून फेसाळते व वंगणाचे काम नीट होत नाही.

पुराचे पाणी शिरल्यास

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि कोल्हापुरातील शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर यांसारख्या भागांत पाणी आले. अशा पाण्यात बुडालेली गाडी ‘चालू होते का’ हे पाहण्यासाठी चावी फिरवणे हीच सर्वांत मोठी चूक होय. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. चेंबरचा बोल्ट काढल्यावर जड असल्याने आधी पाणी येते व मागून ऑइल. अशा वेळी एकदा ऑइल बदलून भागत नाही. थोडा वेळ इंजिन चालवून ते फिल्टरसह पुन्हा बदलावे लागते. सिलिंडर मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय मात्र इंजिन चालवू नये.

काळ्या ऑइलची विल्हेवाट

लहान मोटारीतून साधारण ३ ते ४ लिटर जुने ऑइल निघते. त्यात धातूंचे सूक्ष्म कण व जळणातून आलेली घातक संयुगे असतात. एका वेळच्या ऑइलबदलातून निघणारे ऑइल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे. कोल्हापुरात गटारात ओतलेले ऑइल जयंती नाल्यासारख्या ओढ्यांतून पंचगंगेत आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जाऊ शकते.

ग्रामीण भागात हे ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, सेंट्रिंगच्या प्लेटांना, क्वचित गोचीड जावेत म्हणून जनावरांनाही लावतात. हे वापर काटकसरीचे वाटले तरी घातक आहेत. वापरलेले ऑइल सतत त्वचेला लागल्याने प्रयोगातील उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. म्हणून काम करतानाही हातमोजे वापरावेत.

भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. घरी काढलेले ऑइल झाकणाच्या डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजकडे सोपवणे हा सोपा मार्ग आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर परिसरात गॅरेजांची चौकशी सहज करता येते. त्यात पाणी, पेट्रोल वा कूलंट मिसळू नये, कारण भेसळ झालेले ऑइल शुद्ध करणे अवघड जाते. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यावा आणि त्यातून निघालेले ऑइलही त्याच डब्यात ओतावे.