सर्व्हरसाठी स्थिर आवृत्तीची निवड

अखंड चालू ठेवाव्या लागणाऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरची स्थिर आवृत्ती बसवावी की अस्थिर, हा प्रश्न सेवा बंद पडल्यास होणाऱ्या नुकसानीवरून सोडवला जातो. राजस्थान सरकारच्या ऑनलाइन सेवांचा भार जयपूरच्या भामाशाह राज्य डेटा केंद्रावर आहे. असे सर्व्हर अडले, की गावोगावच्या ई-मित्र केंद्रांवर दाखला काढायला आलेला माणूस खोळंबतो. अशा ठिकाणी नव्या सोयींपेक्षा सॉफ्टवेअरच्या वागणुकीची खात्री मोलाची ठरते.

स्थिर आवृत्तीतही दोष असतात. मात्र ठरलेल्या मुदतीपर्यंत तिची वागणूक बदलायची नाही, असे बंधन तयार करणारे पाळतात. डेबियन या लिनक्स वितरणात नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येते. तिचे कायमचे नाव ‘सिड’. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून तिचीच नवी ‘स्टेबल’ होते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘बॉस’ हे वितरणही डेबियनवर आधारलेले आहे.

स्थिर शाखेत सुरक्षा-दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक जुनाच दिसतो. निव्वळ क्रमांक पाहणारी तपासणी-साधने अशा वेळी खोटा इशारा देतात, आणि ऑडिटच्या घाईत बाहेरून नवे पॅकेज आणून चांगला चाललेला सर्व्हर बिघडवला जातो.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. तो सिड व टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, स्टेबलमध्ये नव्हता. सिडवर काम करताना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला म्हणून तो उघड झाला. दोष स्टेबलमध्ये जाण्याआधी उघडा पडावा, हाच अस्थिर शाखेचा खरा उपयोग. फक्त तो चाचणीच्या यंत्रावर व्हावा.

स्थिर प्रणालीवर आपोआप उतरणारे अपडेटही धोक्याचे असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. म्हणून अपडेट आधी स्टेजिंग सर्व्हरवर, मग थोड्या यंत्रांवर आणि शेवटी सर्वत्र चढवतात. मागे फिरण्याची वाट व बॅकअप आधीच तपासलेले असावे लागतात.

नव्या हार्डवेअरला नवे कर्नल लागते, तेव्हा तेवढाच घटक वितरणाच्या अधिकृत ‘बॅकपोर्ट’ संग्रहातून घेणे इष्ट; त्यासाठी संपूर्ण प्रणाली अस्थिर शाखेवर नेण्याचे कारण नसते. मुदत संपलेली आवृत्ती मात्र स्थिर म्हणवली, तरी असुरक्षितच: सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाला मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या.