ब्रिस्टॉलच्या धक्क्यावर एक दिवस

श्रोतेहो, सुट्टी लागली की आपण मुलाबाळांना घेऊन एखादा किल्ला नाही तर जत्रा पाहायला जातो. आज मनानेच जरा लांब जाऊ या. इंग्लंडच्या पश्चिमेला एव्हन नदीच्या काठी ब्रिस्टॉल नावाचे जुने बंदर आहे. बरोबर मुले आहेत असे समजा. म्हणजे प्रश्नांना तोटा नाही!

पहिला प्रश्न पाण्याचा. समुद्र काही मैल दूर, पण भरती-ओहोटीतला फरक चाळीस फुटांच्या घरात. ओहोटी लागली की पूर्वी जहाजे चिखलात बसत, कलंडत. म्हणून १८०९ साली नदीला नवा पाट खोदून दिला आणि जुन्या पात्राला दरवाजे घालून पाणी कोंडले. खाडीला बांध घालणाऱ्या आपल्या कोकणी माणसाला ही युक्ती समजावून सांगायला नको.

पुढे गोदीत उभे आहे ‘ग्रेट ब्रिटन’ हे जहाज. ब्रुनेल या इंजिनिअराने योजलेले, लोखंडी, पंख्याने चालणारे, ३२२ फूट लांब. १८४३ साली ते पाण्यात उतरले. १९७० साली दूरच्या फॉकलंड बेटांवरून त्याचा सांगाडा ओढून आणला आणि जिथे बांधला त्याच गोदीत ठेवला. मुले डेकवर हुंदडतील, हुंदडू द्या. पण त्यांना एवढेही सांगा, की १८५७ चा आपला उठाव मोडण्यासाठी याच जहाजातून इंग्रज पलटणीचे शिपाई मुंबईकडे आले होते.

आता एक पूल लागतो. त्यावर दोन अगडबंब शिंगे! मधला भाग बोटींसाठी उचलावा लागतो, त्याचा तोल ती सांभाळतात. १९९९ साली झालेल्या या पुलाला नाव आहे पेरोचे. हा पेरो कोण? कोणी राजा की सरदार? नाही हो. वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरचा गुलाम. १७६५ साली, बारा वर्षांचा असताना, पिनी नावाच्या ऊसमळेवाल्याने त्याला दोन बहिणींसह विकत घेतले आणि पुढे नोकर म्हणून या गावी आणले. पिनीचे टुमदार घर आज संग्रहालय म्हणून राखलेले आहे.

असे मळे पिकवायला ब्रिस्टॉलच्या जहाजांनी आफ्रिकेतून पाच लाखांच्या आसपास माणसे नेली. या व्यापाराचा एक कारभारी कोल्स्टन. त्याने गावातल्या शाळांना देणग्या दिल्या म्हणून १८९५ साली त्याचा पुतळा उभारला. २०२० च्या जूनमध्ये लोकांनी तो पाडून बंदरात ढकलला. पुढे तो बाहेर काढला आणि धक्क्यावरच्या संग्रहालयात, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसकट, आडवा ठेवला. खरे तर उभ्या पुतळ्यापेक्षा आडव्यापाशीच मुले अधिक प्रश्न विचारतील.

संध्याकाळी आर्नोस व्हेलच्या कबरस्तानात चला. तिथे चक्क आपल्याकडची छत्री दिसते! सतीच्या चालीविरुद्ध झगडलेले राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी याच शहरात वारले. १८४३ साली द्वारकानाथ टागोरांनी ही समाधी बांधवली. राजांच्या मृत्यूपूर्वी महिनाभरच गुलामगिरी बंद करणारा कायदा मंजूर झाला होता. त्यात मालकांना दोन कोटी पौंड भरपाई ठरली. गुलामांना मात्र एक पैसाही नाही.

एका बंदरात हे सगळे शेजारी शेजारी आहे. कारागिराची बुद्धी खरी, आणि पेरोचे दुःखही खरे. एक सांगून दुसरे लपवले, तर मुलांच्या हाती अर्धाच इतिहास पडेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या खेपेला मुलांना गावातला जुना वाडा दाखवाल, तेव्हा धन्याचे नाव सांगून थांबू नका. हे दगड कोणी वाहिले, पैसा कुठून आला, हेही मुलांना विचारू द्या. उत्तर तिथल्या तिथे मिळाले नाही तरी चालेल. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे ते मिळून शोधता येईल.